गोगलगायी वाढल्यात? आधी खाण्याची डबी दाखवा

मागच्या अंकात पाणवनस्पतींच्या टाकीबद्दल लिहिलं, आणि या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं एकाच प्राण्याबद्दल निघाली: गोगलगाय. ठेवायची की काढायची? म्हणून या वेळी माशांचे रोग, दिवे, खतं हे सगळं बाजूला ठेवून फक्त गोगलगायींच्या पत्रांना उत्तरं देते आहे. मी अठ्ठावीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवलं. ठाण्यातल्या घरात बावीस वर्षांपासून झाडांच्या टाक्या सांभाळते आहे, आज चार आहेत. चारही टाक्यांत गोगलगायी आहेत आणि त्या मी मुद्दाम राखल्या आहेत, हे सुरुवातीलाच सांगते. माझा कल कुठे आहे ते तुम्हाला कळलेलं बरं.

प्रश्न: ताई, नमस्कार. दोन फुटांची टाकी चार महिन्यांपूर्वी लावली. व्हॅलिसनेरिया, ॲमेझॉन सोर्ड, जावा फर्न आणि थोडी क्रिप्टोकोरीन ही पाण्यातली झाडं आहेत. बारा गप्पी आणि आठ निऑन टेट्रा. झाडांबरोबर दोन-तीन बारीक गोगलगायी आल्या असाव्यात, आता शेकड्यांनी झाल्यात. सोर्डची पानं वितळली, जावा फर्नला भोकं पडलीत. मुलाला माशांचं फार वेड आहे, दिवसातून तीनदा तोच खाणं टाकतो. दुकानदाराने गोगलगायी मारायचं औषध दिलंय. टाकू का? घरात सगळे म्हणतायत, टाकीच काढून टाक. – एक वाचक, डोंबिवली

उत्तर: औषध टाकू नका. बाटली घरात असेल तर आजच परत करा. कारण पुढे सांगते, आधी झाडांकडे वळू.

तुम्ही दोन गोष्टी पाहिल्यात. पानं खराब झाली, आणि त्याच पानांवर गोगलगायी बसलेल्या दिसल्या. त्यावरून गोगलगायींनी पानं खाल्ली असं वाटणं साहजिक आहे. पण आधी पान मेलं की आधी गोगलगाय आली, हे तपासायला हवं. सोर्ड आणि क्रिप्टोकोरीन ही झाडं रोपवाटिकेत बहुतेक वेळा पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात. पाण्यात बुडवली की ती जुनी पानं टाकतात आणि पाण्यात जगणारी नवी पानं काढतात. पहिल्या महिना-दीड महिन्यात सोर्डची पानं पारदर्शक होऊन लोळागोळा होतात ती यामुळे. क्रिप्टोकोरीन तर नुसती जागा बदलली तरी रुसते, आठ दिवसांत सगळी पानं टाकून देते आणि मुळातून पुन्हा फुटते. हे मरतं पान हेच गोगलगायीचं जेवण. ते तिने खाल्लं नसतं तर पाण्यात कुजलं असतं.

जावा फर्नची भोकं नीट बघा. पान जुनं आहे का? भोकाच्या कडेला पिवळी किंवा तपकिरी-काळी रेघ आहे का? असेल तर तो पोटॅशियमचा अभाव समजा. तिथली पेशी आधी मेली, मग भोक पडलं, आणि मेलेला तुकडा गोगलगायीने साफ केला. एक सोपी युक्ती सांगते. एका धडधाकट पानाच्या देठाला पांढरा दोरा बांधा आणि रोज रात्री मोबाइलने त्याच पानाचा फोटो काढा. दहा दिवसांनी फोटो ओळीने बघा. भोक पडायच्या आधी तिथे पिवळा ठिपका उमटलेला दिसला, तर गोगलगायीला दोष देता येणार नाही. पाणवनस्पतींचं पोटॅशियम असलेलं द्रवखत आणा, बाटलीवर सांगितलेल्या मात्रेच्या निम्म्यापासून सुरुवात करा. जुनी भोकं बुजणार नाहीत, नवी पानं अखंड येतील.

मी हे पुस्तकात वाचून सांगत नाही. महाविद्यालयात असताना मुलांबरोबर एक साधा प्रयोग दर वर्षी करायचे. काचेच्या बरणीत टाकीतलंच पाणी, त्यात व्हॅलिसनेरियाचं एक ताजं हिरवं पान आणि एक पिवळं पडून मऊ झालेलं पान, आणि दहा गोगलगायी. दुसरं काही खायला नाही. तीन दिवसांनी मऊ पानाची नुसती शिरांची जाळी उरायची, साडीच्या जरीच्या जाळीसारखी. हिरवं पान तसंच असायचं, उलट त्यावरचं शेवाळ गेल्यामुळे चकचकीत दिसायचं. आठवड्याहून जास्त उपाशी ठेवलं तर मात्र हिरव्या पानाच्या कोवळ्या टोकालाही तोंड लागायचं. म्हणजे भुकेलेली गोगलगाय मऊ झाडाला ओरबाडू शकते, हे खरं आहे. पण तुमच्या टाकीत भुकेलेलं कोणीच नाही.

तुमच्या पत्रातलं माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं वाक्य मुलाचं आहे: दिवसातून तीनदा खाणं. शेकडो गोगलगायी हवेतून होत नाहीत. प्रत्येकीचं अंग आणि कवच टाकीत पडलेल्या अन्नातूनच उभं राहतं. तुमच्याकडे तीनशे गोगलगायी असतील, तर तीनशे गोगलगायींना पुरेल इतकं अन्न रोज माशांच्या तोंडातून सुटून तळाशी जातं आहे. औषधाने त्या मेल्या आणि डबी तशीच उघडत राहिली, तर वाचलेल्या चार अंड्यांतून दोन महिन्यांत पुन्हा तितक्याच होतील.

तेव्हा मुलाला रागावू नका, त्याच्या हातात काम द्या. दिवसातून एकदाच खाणं, चिमूटभर, मासे दोन मिनिटांत संपवतील इतकंच. आठवड्यातून एक दिवस पूर्ण उपास. निरोगी मोठ्या माशांना त्याने काही होत नाही. मेलेली पानं कात्रीने देठापासून कापून काढायची. दर आठवड्याला तळ सायफनने ओढून चौथा हिस्सा पाणी बदलायचं. आणि रात्री दिवे बंद झाल्यावर काकडीची एक जाड चकती काट्याला टोचून तळाशी ठेवायची. सकाळी शाळेत जायच्या आधी ती हलक्या हाताने वर काढायची. पहिल्या सकाळी पन्नास-साठ गोगलगायी चिकटून येतील. उकडलेला दुधी किंवा पालकाचं उकडलेलं पानही चालतं. आठ-दहा रात्री हे केलंत आणि खाणं आवरलंत की संख्या उतरू लागेल. उतरेल म्हणजे शून्य होणार नाही, आणि शून्य व्हायलाही नको.

आता औषधाबद्दल. अशा बहुतेक औषधांत तांबं असतं, म्हणजे आपलं मोरचूदच. 2006 साली माझ्या टाकीत माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा रोग झाला. मी एका दुकानातून बाटली आणली आणि बारीक अक्षरांत लिहिलेलं न वाचता ओतली. त्यात मोरचूद होतं. काचेवरच्या गोगलगायी दुसऱ्या दिवशी खाली पडल्या, त्या मी वेचल्या. पण रेतीत पुरलेल्या कितीतरी मला दिसल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी पाणी ताकासारखं पांढरं झालं आणि झाकण उघडलं की कुजका वास. शेकडो मेलेल्या शरीरांचा अमोनिया एकदम पाण्यात उतरला होता. रोगातून वाचलेले नऊ मासे त्या दोन दिवसांत गेले. तांबं पुढे रेतीत आणि टाकीच्या सिलिकॉनमध्ये राहतं असं म्हणतात. मी तर त्या टाकीत पुढे कधी कोळंबी ठेवायचं धाडस केलं नाही. शेकड्यांनी गोगलगायी असलेल्या टाकीत सगळ्यांना एकदम मारणं हाच सगळ्यात मोठा धोका आहे. जे कमी करायचं ते हळूहळू.

आणि तुमच्याकडे नेमक्या कोणत्या आहेत ते ओळखा. पत्रावरून मला कळत नाही, म्हणून नेहमी फुकट येणाऱ्या तिघींची ओळख करून देते.

पहिली, फुग्यासारख्या पातळ पिंगट कवचाची, चटचट चालणारी. कवचाचं टोक वर धरून तोंड आपल्याकडे केलं तर तोंड डाव्या बाजूला येतं. बहुतेक गोगलगायींचं उजव्या बाजूला असतं. हिला फायसा म्हणतात. ती श्वास घ्यायला वर येते आणि पाण्याच्या पृष्ठभागाला खालून उलटी चिकटून चालते. टाकीवर दुधाच्या सायीसारखा जो पातळ थर धरतो, तो ती चाटून साफ करते.

दुसरी चपटी, गुंडाळलेली, अगदी चकलीसारखी. दुकानात रॅम्सहॉर्न म्हणतात, मी चकलीच म्हणते. आपल्या तळ्यांत आणि भातखाचरांत हिची देशी जात असतेच. तपकिरी, लाल, निळसर अशा रंगांत मिळते. या दोघी प्रत्येकी नरही असतात आणि मादीही. एकटीलाही अंडी देता येतात, म्हणून ‘एकच तर आहे’ हा हिशेब इथे चालत नाही. पानाच्या मागे स्वच्छ चिकट जेलीचा थेंब आणि त्यात साबुदाण्याच्या कण्यांसारखे ठिपके दिसले, की ती अंडी.

तिसरी लवंगी मिरचीसारखी, लांब टोकदार कवचाची. हिला ट्रम्पेट म्हणतात. ही अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, आणि बहुतेक वेळा नराशिवायच. दिवसभर रेतीत पुरलेली असते, रात्री बाहेर येते. तुमच्या टाकीत या किती आहेत हे बघायचं असेल तर रात्री बारा वाजता टॉर्च मारा. मी पहिल्यांदा मारला तेव्हा रेती चालते आहे असं वाटलं. रेती वरखाली करत राहणं आणि दाण्यांच्या फटीत अडकलेलं अन्न संपवणं ही कामं हिच्यासारखी दुसरं कोणी करत नाही.

ट्रम्पेटचा आणखी एक उपकार मी विसरू शकत नाही. एका जूनमध्ये रात्री वादळात वीज गेली. वीज परत आली, पण बाहेरच्या फिल्टरमध्ये हवा अडकल्याने तो चालूच झाला नाही, आणि आम्ही सगळे झोपेत. पहाटे साडेपाचला चहा टाकायला उठले तर मोठ्या टाकीच्या काचेवर, पाण्याच्या काठाशी, शंभरावर ट्रम्पेट ओळीने चढलेल्या. एरवी त्या वेळी त्या रेतीत परतलेल्या असतात. त्या कल्ल्यांनी श्वास घेतात, पाण्यातला प्राणवायू घटला की त्यांना खाली राहवत नाही. रात्री झाडंही प्राणवायू वापरतात हे लक्षात घ्या, दाट झाडांच्या टाकीत पहाटेची वेळ सगळ्यात कठीण. मासे अजून वर येऊन तोंड उघडू लागले नव्हते. मी फिल्टर भरून चालू केला, तिसरा हिस्सा पाणी बदललं, आणि एकही मासा गेला नाही. तुमच्या ट्रम्पेट भरदिवसा थव्याने वर आल्या तर हातातलं काम सोडून पाण्याकडे बघा.

एक मात्र नीट समजून घ्या. गोगलगाय घाण नाहीशी करत नाही. ती कुजणाऱ्या पानाची विष्ठा करते, त्यातली पोषकद्रव्यं झाडांना लवकर मिळतात, पण ती टाकीतच असतात. गोगलगायी आहेत म्हणून पाणी बदलायचं नाही, असं चालणार नाही.

प्रश्न: मॅडम, आम्ही शेतकरी. 2022 च्या खरिपात गोगलगायींनी आमचं सोयाबीन कोंब फुटताच फस्त केलं, दुबार पेरणी करावी लागली. आता मी टाकी लावली आणि तिच्यात बारीक गोगलगायी दिसल्या. वडील म्हणतात, ही पीडा घरात नको, उद्या शेतात जाईल. त्यांना काय सांगू? – लातूर जिल्हा

उत्तर: वडिलांना माझा नमस्कार सांगा. ज्यांनी त्या वर्षी सकाळी शेतात जाऊन नुसत्या काड्या उभ्या पाहिल्या, त्यांची भीती मी खोटी म्हणणार नाही. पण त्या शंखी गोगलगायी वेगळ्या. मूळच्या आफ्रिकेतल्या, जमिनीवर राहणाऱ्या, हाताएवढ्या वाढणाऱ्या, आणि जिवंत कोवळं रोप खाणाऱ्या. पाण्यात टाकलं तर त्या बुडून मरतात. टाकीतल्या फायसा आणि चकली कोरड्या मातीत पडल्या तर सुकून मरतात, सोयाबीनच्या ओळीपर्यंत पोचणं त्यांना शक्य नाही. वडिलांना टाकीसमोर बसवा आणि पिवळ्या पानावर त्या कशा बसतात, शेजारच्या हिरव्या पानावर नुसत्या फिरून कशा जातात, ते दाखवा. त्यांची नजर शेतकऱ्याची आहे, माझ्यापेक्षा लवकर ओळखतील.

त्या वर्षी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं पसरून सकाळी गोगलगायी गोळा करायला सांगत होते, तुम्हीही केलं असेल. टाकीतली काकडीची चकती हीच युक्ती आहे. मात्र शेतातल्या गोगलगायींसाठी आणलेल्या विषारी गोळ्या घरात शिल्लक असतील, तर त्यांचा डबा टाकीच्या खोलीतसुद्धा ठेवू नका.

आणि एक विनंती. काढलेल्या गोगलगायी विहिरीत, ओढ्यात, तळ्यात सोडू नका. दुकानातून आलेली जात कुठली आणि तिकडे जाऊन काय करेल याची खात्री कोणालाच नसते. मी त्या चेचून कुंडीच्या मातीत पुरते. जिवाला लागतं, म्हणून एका झटक्यात करते.

प्रश्न: सिंहगड रस्त्यावर राहतो. टाकीला कार्बन डायऑक्साइड देतो, झाडं सुंदर आहेत. पण गोगलगायींची कवचं टोकाकडून पांढरी पडून खड्डे पडतायत. रोग आहे का? – पुणे

उत्तर: रोग नाही, पाणी कवच विरघळवतं आहे. कवच म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. खडकवासल्याचं पाणी मुळात मऊ, त्यात तुम्ही कार्बन डायऑक्साइड सोडता, त्याचं कार्बनिक आम्ल होतं आणि पाणी आम्लधर्मी होतं. कवचाचं टोक हा सगळ्यात जुना भाग. तिथली वरची साल घासून गेली की आतला चुना उघडा पडतो, म्हणून सुरुवात टोकाकडून. गेलेला भाग भरून येत नाही. नवं कवच फक्त तोंडाच्या कडेला वाढतं, ते जाड व्हावं यासाठी काही करता येईल.

काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेण मिळतं. माखलीच्या पाठीतलं ते पांढरं हाड, पक्षी पाळणाऱ्यांकडेही असतं. त्याचा सुपारीएवढा तुकडा फिल्टरमध्ये ठेवा, सावकाश विरघळत राहतो. अंड्याची कवचं उकळून, आतला पापुद्रा काढून, कुटून मलमलीच्या पुरचुंडीत बांधली तरी चालतं. शाळेतला खडू टाकू नका. तो बहुतेक जिप्समचा असतो, त्याने आम्लता उतरत नाही. समुद्रफेण फार घातलंत तर पाणी जड होईल आणि काही नाजूक झाडं कुरकुरतील, म्हणून थोड्यावरून सुरुवात करा. तुम्हाला झाडं आणि भरपूर गॅस हेच हवं असेल, तर फिकट कवचं स्वीकारा. फायसा आणि ट्रम्पेट तशातही तग धरतात. नेराइट ही शेवाळ खाणारी गोगलगाय मात्र अशा टाकीत आणू नका, तिचे हाल होतात.

बोअरचं पाणी वापरणाऱ्यांना हा त्रास सहसा होत नाही. त्यांच्या गोगलगायींची कवचं बघून मला हेवा वाटतो.

प्रश्न: काचेवरचं शेवाळ जावं म्हणून पट्ट्यापट्ट्यांच्या दोन नेराइट आणल्या. शेवाळ गेलं, पण आता ड्रिफ्टवुडवर, फिल्टरवर सगळीकडे तिळासारखी पांढरी कडक अंडी. हजारो पिल्लं होणार का? – नाशिक

उत्तर: एकही होणार नाही. नेराइटच्या पिल्लांना वाढायला खारं किंवा निमखारं पाणी लागतं. निसर्गात ती खाडीत, समुद्रात वाढतात. गोड्या पाण्यात ती अंडी नुसती चिकटून राहतात. काचेवरची जुन्या प्लास्टिक कार्डाने खरवडता येतात, लाकडावरची जात नाहीत, त्यांची सवय करून घ्या. काचेवरचं हिरवं शेवाळ काढण्यात नेराइटच्या तोडीचं कोणी नाही. टाकीला झाकण ठेवा, ती बाहेर पडते. रेतीवर पाठीवर उलटी पडलेली दिसली तर हाताने सुलटी करा, पुष्कळदा तिची तिला होता येत नाही.

प्रश्न: गोगलगायी खाणारा मासा सुचवा. दुकानात लोच आणि छोटे पफर आहेत. – कोल्हापूर

उत्तर: दोन्ही खातात. दोन्ही घेऊ नका, निदान या कारणासाठी तरी नको. पट्टेरी झेब्रा लोच हा आपल्याच कृष्णेच्या खोऱ्यातला, सह्याद्रीतल्या ओढ्यानद्यांतला मासा. जगात दुसरीकडे कुठे नाही, आणि धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या लाल यादीत त्याचं नाव आहे. तुमच्या कोल्हापूरच्या पाण्यात तो राहावा यासाठी आपण धडपडायला हवं. दुकानातला तो बहुधा नदीतून पकडून आणलेला असतो. शिवाय त्याला पाच-सहांचा जथा आणि मोठी टाकी लागते. छोटा पफर केरळ-कर्नाटकातल्या नद्यांचा, जेमतेम इंचभर, डोळे फिरवत बघतो तेव्हा फार गोड दिसतो. पण गप्पीच्या शेपट्या कुरतडतो, आणि गोगलगायी संपल्या की त्याला दुसरं जिवंत खाद्य द्यावं लागतं. तो धोक्याच्या वाटेवर आहे. क्लाउन लोच तर फूटभर वाढतो.

एका त्रासासाठी कायमचा जीव घरी आणायचा असेल, तर त्याच्यासाठी टाकी आधी करा. नाहीतर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची ॲसॅसिन गोगलगाय घ्या. ती दुसऱ्या गोगलगायी खाते, माशांना त्रास देत नाही, आणि सावकाश वाढते. तीन-चार पुरे. खाणं आवरलं नाहीत तर तीही हरेल.

प्रश्न: मी बी.एस्सी.ला आहे. प्रॅक्टिकलला पायला या गोगलगायीचं विच्छेदन केलं, तेव्हापासून ती पाळायची इच्छा आहे. झाडांच्या टाकीत चालेल का? बाजारात पिवळी ‘मिस्ट्री’ मिळते ती हीच का? – नागपूर

उत्तर: तुझं पत्र वाचून आनंद झाला. ट्रेमधली मेलेली पायला बघून जिवंत बघावीशी वाटणं, यासाठीच आम्ही शिकवतो. कल्लाही आणि फुप्फुसही असलेली ती पाण्याच्या तळातून नळी वर काढून हवा घेते, हे पुस्तकातल्या आकृतीत कितीही पाहिलं तरी प्रत्यक्षात वेगळंच असतं. जरूर पाळ, पण झाडांच्या टाकीत नाही. ती खरोखर झाडं खाते. माझी व्हॅलिसनेरियाची एक रांग दोन पायलांनी आठवड्यात संपवली होती. तिला वेगळी टाकी दे, झाडांऐवजी पालक, दुधी, काकडी दे, आणि तिथे मनसोक्त बघ.

पिवळी मिस्ट्री ही पायलाची दक्षिण अमेरिकेतली चुलत बहीण, पोमेशिया. तिच्यात जाती बऱ्याच. एक झाडांना फारसं तोंड लावत नाही. दुसरी, पोमेशिया कॅनालिक्युलाटा, 1980 च्या सुमारास खाण्यासाठी म्हणून तैवानमध्ये नेली आणि तिथून फिलिपिन्स आणि आग्नेय आशियातल्या भातशेतीत पसरली. जगातल्या सगळ्यात उपद्रवी शंभर परक्या जीवांच्या यादीत ती आहे. दुकानदाराला या दोघींतला फरक सांगता येत नाही. पाण्याच्या वर काचेवर गडद गुलाबी अंड्यांचा घोस दिसला, तर तो खरवडून फ्रीजरमध्ये टाक, आणि कुठल्याही तळ्यात, नाल्यात जाऊ देऊ नको. आपल्याकडेही भात पिकतो.

प्रश्न: पऱ्ह्यातून (ओढ्यातून) झाडं आणि गोगलगायी आणून टाकीत सोडल्या तर फुकटात काम होईल. काही धोका? – चिपळूण

उत्तर: आहे, आणि तुमच्या जिल्ह्याशी त्याचा जवळचा संबंध आहे. 1952 साली गाडगीळ आणि शहा या डॉक्टरांनी तुमच्या शेजारच्या गुहागर तालुक्यातल्या गिमवी गावात असं दाखवून दिलं, की तिथल्या माणसांना लघवीतून रक्त जाण्याचा जो आजार होत होता, तो रक्तात राहणाऱ्या चपट्या कृमीमुळे होता. त्या कृमीचा अर्धा संसार ओढ्यातल्या एका टोपीच्या आकाराच्या, नखाहून लहान गोगलगायीत होतो. तिच्यातून सुटलेल्या सूक्ष्म अळ्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरतात. तो गिमवीचा प्रकार जुना आहे. पण गुरं जिथे पाण्यात उतरतात तिथल्या देशी चकली गोगलगायींत गुरांचे असे कृमी आजही असतात, आणि त्यांच्या अळ्यांनी माणसाला खाजरं पुरळ उठतं.

म्हणून ओढ्यातल्या गोगलगायी नकोत. टाकीत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्यांची ही भीती नाही, कारण त्या कृमीला फेरा पूर्ण करायला जनावर किंवा माणूस लागतं. तुम्हाला हव्या असतील तर कुठल्याही मासे पाळणाऱ्या मित्राकडून पाच-सहा मागा, तो आनंदाने देईल. झाडं आणायची तर लिटरभर पाण्यात दोन चमचे तुरटीची पूड विरघळवून त्यात दोन-तीन तास बुडवा, स्वच्छ धुवा, मग तीन आठवडे वेगळ्या बादलीत उजेडात ठेवून बघा. अंडी तुरटीतूनही वाचू शकतात, त्यासाठी हे तीन आठवडे. टाकीत हात घालून झाला की साबणाने धुवा, आणि हाताला जखम असेल तर हातमोजा घाला.

प्रश्न: मावशी, मी सहावीत आहे. आजी म्हणते, गोगलगाय आणि पोटात पाय. खरंच तिच्या पोटात पाय असतात का? – सावंतवाडी

उत्तर: आजी म्हणते ते माणसांबद्दल आहे, वरून गरीब दिसणाऱ्या आणि आतून लबाड असणाऱ्या. पण गोगलगायीबद्दलही ते शब्दशः खरं आहे. तिला एकच पाय असतो आणि तो पोटाखालीच असतो. शास्त्रज्ञ तिच्या कुळाला उदरपाद म्हणतात, म्हणजे पोट हाच पाय.

काचेवर गोगलगाय चढली की बाहेरून भिंग लाव. तळव्यासारखा सपाट पाय काचेवरून सरकताना दिसेल. पुढे तोंड बघ. ते उघडतं, आतून किसणीसारखी पट्टी बाहेर येते, काचेवरचं शेवाळ ओढून घेते आणि मिटतं, पुन्हा उघडतं. ती गेल्यावर हिरव्या काचेवर नागमोडी स्वच्छ रेघ उरते.

आणि चकलीचं एखादं अगदी छोटं पिल्लू मिळालं तर त्याला पांढऱ्या वाटीत पाणी घालून ठेव आणि बाजूने टॉर्च धर. त्याचं कवच इतकं पातळ असतं की आत धडधडणारं हृदय दिसतं. मोठ्या माणसाचं घड्याळ घेऊन मिनिटात किती ठोके पडतात ते मोज. सकाळी गार पाण्यात एकदा आणि दुपारी एकदा. दोन्ही आकडे मला पत्राने कळव.